बाळ पोटात असतानाच मोठ्या हॉस्पिटलला जावं, की जन्मल्यावर बाळाला न्यावं?

होणारी मावशी

माझ्या धाकट्या बहिणीला तिसावा आठवडा चालू आहे. काल नेहमीच्या तपासणीत बीपी १६०/११० निघालं, लघवीतून प्रोटीन जातंय, चेहरा आणि पाय सुजलेत. लगेच ॲडमिट करून औषधं सुरू केली. आज सकाळी बीपी १४०/९० च्या आसपास आलंय. कळा नाहीत, अंगावरून काही जात नाही. सोनोग्राफीत बाळाचं वजन साधारण सव्वा किलो दाखवतंय.

डॉक्टर म्हणतात, काही दिवसांत डिलिव्हरी करावी लागेल असं दिसतंय. इथे बाळंतपणाची सोय चांगली आहे, पण इतक्या कमी दिवसांच्या बाळासाठी लागणारं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नाही. जिथे आहे ते हॉस्पिटल रस्त्याने अडीच तासांवर. त्यांचं म्हणणं आहे की तिला आत्ताच तिकडे हलवा.

घरात दोन मतं पडलीत. मोठी माणसं म्हणतात, अवघडलेल्या बाईला या अवस्थेत एवढा प्रवास नको, इथल्या डॉक्टरांना तिची सगळी माहिती आहे, इथेच होऊ दे. बाळाला गरज पडलीच तर ॲम्ब्युलन्स आहे की, तिच्यातही पेटी असते, व्हेंटिलेटर असतो. मेहुणे गोंधळलेत. बहीण स्वतः काहीच बोलत नाही, नुसती पोटावर हात ठेवून पडून आहे.

हे काम जवळून पाहिलेल्या कुणी सांगाल का, दोन्हींत नक्की किती फरक पडतो? आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

एनआयसीयूतली सिस्टर

ताई, मी नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. दुसऱ्या हॉस्पिटलांतून बाळं आणायला जाणाऱ्या टीममध्ये बरीच वर्षं काम केलंय. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बीपी आटोक्यात आहे, कळा नाहीत, रक्तस्राव नाही, तर आजच निघा.

घरच्यांना काळजी वाटते ती खरीच आहे. पण प्रवास कुणाला तरी करावाच लागणार आहे. आज तुमची बहीण करेल, नाहीतर चार दिवसांनी सव्वा किलोचं बाळ एकटं करेल. पोटात असताना त्या बाळाला श्वास घ्यावा लागत नाही, अंगातली ऊब स्वतः धरून ठेवावी लागत नाही, साखर वारेतून सारखी मिळत राहते. बाहेर आलं की तिन्ही कामं त्याच्या अंगावर पडतात आणि तिसाव्या आठवड्याला त्यातलं एकही त्याला धड जमत नाही. त्याच पहिल्या काही तासांत आम्ही त्याला गाडीत घालून रस्त्याने न्यायचं, असा तो दुसरा पर्याय आहे.

ॲम्ब्युलन्समध्ये पेटी आणि व्हेंटिलेटर असतो हे खरं. पण गाडी चालू झाली की काय होतं ते सांगते. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपने छाती ऐकू येत नाही, त्यामुळे बाळाच्या छातीची हालचाल आणि मॉनिटरचे आकडे एवढ्यावरच भिस्त. एवढ्याशा बाळाच्या श्वासनलिकेत घातलेली नळी तीन मिलिमीटरची असते. ती ओठापाशी किती सेंटीमीटरवर चिकटवायची त्याचा ढोबळ हिशोब आहे, किलोतल्या वजनात सहा मिळवायचे. म्हणजे तुमच्या बाळाला साधारण सव्वासात. ती सेंटीमीटरभर आत सरकली तर एकाच फुफ्फुसात हवा जाते, तेवढीच वर आली तर घशात निसटते. बाळाची हनुवटी छातीकडे झुकली की नळी खाली जाते, मान मागे गेली की वर येते. खड्ड्यातून गाडी जाते तेव्हा हे सगळं आपोआप होत असतं. म्हणून निघण्याआधी डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून मान सरळ धरतो, ओठावरची लाळ पुसून कोरडी करतो, मगच पट्टी चिकटवतो. ओल्या कातडीवर लावलेली पट्टी हमखास सुटते, आणि चालत्या गाडीत नळी पुन्हा घालणं फार अवघड. बहुतेक वेळा गाडी बाजूला घेऊनच ते करावं लागतं.

डोकं सरळ ठेवण्याला आणखी एक कारण आहे. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. त्यांच्यात रक्तस्राव व्हायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांतच होतो. रक्तदाब एकदम वर-खाली होणं, कार्बन डायऑक्साइड वाढणं किंवा एकदम उतरणं, यांनी तो धोका वाढतो. या तीन दिवसांत बाळाला शक्यतो कुणी हलवूही नये असं आम्ही वॉर्डात एकमेकींना बजावत असतो. अशा बाळाला अडीच तास हादरे देत आणायचं.

आणि थंडी. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. दीड किलोच्या आतल्या बाळांवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एनआयसीयूत पोचताना तापमान जितके अंश कमी, तितकी मृत्यूची शक्यता वाढलेली, दर अंशामागे साधारण २८ टक्के, असं त्यात दिसलं. बाळ गार पडतं ते बहुतेक वेळा या हातातून त्या हातात जाताना. वॉर्मरवरून पेटीत, पेटी गाडीत चढवताना, दार उघडं ठेवून कुणीतरी कागदावर सही घेत असताना. पोट कोमट लागलं म्हणून माणसं निर्धास्त होतात. मी आधी तळपायाला हात लावते. पोट गरम आणि पाय गार असतील तर ते बाळ आतली ऊब टिकवायला झगडतंय, म्हणजे साखर आणि ऑक्सिजन त्यातच खर्च करतंय. एवढ्या लहान बाळाला जन्मल्याजन्मल्या न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि डोक्याला टोपी घालतात. नातेवाईक ते पाहून दचकतात, पण त्या पिशवीने जी ऊब टिकते ती दुपट्याने टिकत नाही.

एवढं सांगून हेही सांगते, कारण प्रसंग कुणावरही येऊ शकतो. बाळालाच न्यायची वेळ आली तर घाई करू नका. आमची गाडी पोचल्यावर आम्ही तासभर, कधी त्याहून जास्त, तिथेच बाळापाशी असतो. बाहेर नातेवाईक चिडतात. गाडी दारात उभी आहे, बाळ अत्यवस्थ आहे, मग या बायका आत काय करतायत? आम्ही टाचेतून थेंब घेऊन साखर बघत असतो, ४५ च्या खाली असेल तर ग्लुकोज देत असतो. नाळेतून किंवा हातातून दोन पक्क्या लाइन लावत असतो, एक निसटली तर दुसरी असावी म्हणून. पोट फुगून छातीवर दाब येऊ नये यासाठी तोंडातून नळी घालून जठर रिकामं करतो. एक्स-रे काढून श्वासाची नळी जागेवर आहे ना ते बघतो. प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन सिलेंडरमध्ये आहे ना ते मोजतो. त्या खोलीत सरळ प्रकाश असतो, चार हात मोकळे असतात, जमीन हलत नसते. तिथे जे पाच मिनिटांत होतं ते गाडीत होईलच याची खात्री नसते. आमच्या प्रशिक्षणात ‘स्टेबल’ नावाचा एक कार्यक्रम असतो. साखर, तापमान, श्वासमार्ग, रक्तदाब, तपासण्या आणि कुटुंबाला आधार, या सहा गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते नाव झालंय. हलवण्याआधी या सहाही गोष्टी बघायच्या. शेवटचीही, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते.

घाई खरोखर लागते अशीही बाळं असतात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना गुदमरलं आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तर शरीर ३३.५ अंशांच्या आसपास थंड ठेवण्याचा उपचार असतो, ७२ तास चालणारा, आणि तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. तिथे वर सांगितलेला उबेचा नियमच उलटा होतो. पण कमी दिवसांच्या बाळाला तो उपचार नसतो, तेव्हा तुम्ही तो विचार मनात आणू नका.

प्रसूती विभागातून

वरच्या सिस्टरांनी बाळाच्या बाजूने सांगितलं. मी प्रसूतितज्ज्ञ आहे, आईच्या बाजूने थोडं लिहितो.

तुमच्या बहिणीला आहे ते तीव्र स्वरूपाचं प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार. वार बाहेर पडल्याशिवाय ते पूर्ण जात नाही. औषधांनी आपण बीपी आवरतो आणि बाळासाठी वेळ मिळवतो. म्हणून तिच्या डॉक्टर ‘काही दिवस’ म्हणताहेत, आणि म्हणूनच हे काही दिवस योग्य ठिकाणी जावेत अशी त्यांची धडपड आहे.

जाण्याआधी दोन औषधांबद्दल नक्की विचारा. पहिलं, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात ते स्टेरॉइड. बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने, डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस दर १२ तासांनी. १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि होवी यांनी याचा पहिला मोठा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून कमी दिवसांच्या बाळांसाठी एवढा उपयोगी पडलेला दुसरा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. पहिला डोस द्यायला तिकडे पोचण्याची वाट पाहायची नसते. बहुधा दिला असेलच, पण कोणता आणि किती वाजता दिला हे कागदावर लिहून घ्या. दुसरं मॅग्नेशियम सल्फेट. ते आईला आकडी येऊ नये म्हणून देतात, आणि बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूलाही त्याचं संरक्षण मिळतं.

आईला कधी हलवू नये, हेही ऐकून ठेवा. गर्भपिशवीचं तोंड बरंच उघडलंय आणि कळा जोरात आहेत, वार सुटून रक्तस्राव होतोय, बीपी उतरतच नाही, आकडी येऊन गेलीय आणि ती अजून सावरलेली नाही, किंवा बाळाचे ठोके बिघडलेत, अशा वेळी आहे तिथेच डिलिव्हरी करायची आणि नवजात टीमला तिकडे बोलवायचं. रस्त्यात बाळंतपण होणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून आत्ता यातलं काही दिसत नाही. पण हे उद्याही असंच असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया काही तासांत रूप बदलतो. निघायच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी पुन्हा तपासून, बाळाचे ठोके ऐकून मगच गाडीत बसवावं.

घरच्यांना एक गोष्ट सांगता येईल. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांचा अभ्यास आला होता. जन्मानंतर लवकरच दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलेल्या बाळांत मेंदूची गंभीर इजा लक्षणीय जास्त आढळली. तिथली व्यवस्था, गाड्या, टीम सगळं उत्तम असूनही. तुमचं बाळ त्यांच्यापेक्षा मोठं आहे, धोका तितका नसेल, पण दिशा तीच.

इथले डॉक्टर तिला ओळखतात, हा घरच्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. त्यावर उपाय एकच, इथल्या डॉक्टरांनी तिकडच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलायचं. नुसतं ‘रेफर’ लिहिलेली चिठ्ठी पुरेशी नाही.

एका लेकीचा बाबा

आमचा अनुभव वेगळा आहे, तरी लिहितो. आमच्याकडे आधी ठरवायची संधीच मिळाली नाही.

लेक पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, रडली पण छान. काही तासांनी सिस्टरांनी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र लावलं आणि आकडा वर येईना. ओठ निळसर. ऑक्सिजन लावला तरी फरक नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या निघाल्या. जन्मानंतर बंद होणारी एक वाहिनी उघडी राहिली तरच बाळ तग धरू शकतं, म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप सुरू केलं. न्यायला आलेल्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून आम्ही तयारीत बसणार आहोत, तुम्ही घाबरू नका. वाटेत तसं झालंच. त्यांनी पिशवीने श्वास दिला, ड्रिपचा वेग बघितला, पुन्हा सुरळीत. आधी सांगितलं नसतं तर मी तिथे काय केलं असतं कोण जाणे.

माझं सांगणं आईबद्दल आहे. बायकोचं सिझेरियन झालेलं, ती मागे राहिली. आपलं मूल तिने नीट पाहिलंही नव्हतं. निघताना त्या टीममधल्या ताईंनी पेटी तिच्या खोलीत नेली. पेटीची खिडकी उघडून तिचा हात आत घालायला लावला. लेकीने तिचं बोट धरलं. गाडी खोळंबली होती, पण त्या दोन मिनिटांसाठी त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. बायको आजही सांगते की पुढचे दिवस तिने त्यावर काढले. मी आणि सासूबाईंनी कामं वाटून घेतली, त्या तिच्याजवळ आणि मी लेकीजवळ. तिकडच्या सिस्टरांनी रोज फोटो पाठवू दिला.

तुमच्याकडे आई आणि बाळ एकाच इमारतीत राहण्याची संधी आहे. ताई, ती सोडू नका.

होणारी मावशी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. मी हे सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. प्रवास कुणाला तरी करावाच लागणार, हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले आणि मग तेच म्हणाले, गाडी सांगा. स्टेरॉइडचा पहिला डोस काल रात्रीच झालाय, मॅग्नेशियम चालू आहे. डॉक्टर स्वतः तिकडे बोलल्यात. दोन तासांत निघतोय, सोबत इथल्या एक सिस्टर येणार आहेत. बहिणीने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. बाळ लगेच पेटीत गेलं तर मी त्याच्यासाठी काय करू शकेन, म्हणाली. काय सांगू? आणि निघताना काय लक्षात ठेवू?

एनआयसीयूतली सिस्टर

फार बरं वाटलं वाचून.

निघताना: तिकडे बेड कुणी कबूल केलाय त्यांचं नाव आणि फोन लिहून घ्या, एक नाही, दोन बेड विचारा, तिचा आणि एनआयसीयूतला बाळाचा. आईचा बेड मिळाला पण बाळाचा भरलेला, असं होतं, आणि मग सगळी धावपळ वाया जाते. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, कोणतं औषध किती वाजता दिलं, हे सगळं मेहुण्यांच्या हातात असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको. गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवा, उताणं नको, पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, बरगड्यांखाली कळ आली, पोट दगडासारखं कडक झालं किंवा रक्त गेलं तर सोबतच्या सिस्टरना त्या क्षणी सांगा, पोचल्यावर सांगू म्हणून थांबू नका.

बहिणीला सांगा, तिच्यासाठी काम आहे आणि ते दुसऱ्या कुणालाच जमणार नाही. डिलिव्हरी झाल्यावर जितक्या लवकर जमेल तितकं, शक्य तर पहिल्या तासांतच, हाताने दूध काढायला सुरुवात करायची. पहिले थेंब पिवळे, चिकट, इतके थोडे असतात की वाटीत दिसतही नाहीत. आम्ही ते छोट्या सिरिंजने टिपून घेतो आणि बाळाच्या गालाच्या आतून लावतो. काही आलंच नाही तरी दर दोन-तीन तासांनी प्रयत्न करायचा, रात्रीसुद्धा. बीपीच्या औषधांवर असताना दूध देता येईल का हे तिथल्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक औषधांना चालतं. तिला स्वतःला आयसीयूत ठेवलं तर हे काम तुम्ही तिच्या शेजारी बसून करून घ्या. तिला उठवत नसेल, पण तुमच्या हातांनी होईल.

आणि तिथल्या युनिटला पहिल्याच दिवशी विचारा की बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने कधी देता येईल. १९७० च्या दशकाच्या शेवटी बोगोटामध्ये पेट्या कमी पडायच्या, तिथे ही कांगारू पद्धत सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या बाळाला हे जन्मल्यापासून जितक्या लवकर देता येईल तितकं द्यावं. श्वासाची गंभीर अडचण असेल तर थांबावं लागतं. तिला अजून जमत नसेल तर बाबाची छाती चालते. मेहुण्यांना पुढून उघडणारा शर्ट घालून यायला सांगा.